जाळीवाल्या बाई

आमच्या गावात उघडी छत्री उलटी टांगणारं माणूस एकच होतं, आणि ते आमच्याच पडवीत भाड्यानं राहत होतं. भर वैशाखात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, बाई आपली काळी छत्री उघडायच्या, दांडा वर करून करवंदीच्या जाळीतल्या एका उंच फांदीखाली सुतळीनं बांधायच्या आणि घरी येऊन निवांत चहा प्यायच्या. संध्याकाळी ती सोडवून, दुधाची चरवी आणावी तशी, न हिंदकळू देता घरी आणायच्या. आत बुलबुलांची शीट असायची.

मातीच्या परळात पाणी घालून बाई त्या शिटेतून बिया निवडायच्या. मग माझ्या आईला हाक मारायच्या, "ये गं, बघ आज काय काय आलंय." आणि माझी आय, जिनं माझं बी.ए.चं सर्टिफिकेट सुलटं की उलटं तेही न बघता पत्र्याच्या पेटीत टाकलं होतं, ती आय तव्यावरची भाकरी तशीच सोडून पाखरांची शीट बघायला पडवीत जायची. भाकरी मी उलटायचे.

शाळेतली पोरं त्यांना जाळीवाल्या बाई म्हणत. शेजारची काकू एकदा बांधावरून आयला म्हणाली, "तुजी भाडेकरीन पाखरांचं हागणं चाळते गो." आय म्हणाली, "चाळू दे. तुज्यासारखी माणसांचं तर नाय ना चाळत." काकू महिनाभर आमच्याकडे विरजण मागायला आली नाही.

मला बाईंचा हेवा वाटायचा. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. मी मराठी शिकवते. शब्द मला शोधावे लागत नाहीत.

माझं सांगायचं तर आमच्या गावातली पहिली बी.ए. मी. पोरींतली नव्हे, गावातली. वडील मी अकरावीत असताना गेले. त्यानंतर आयनं भात लावलं, कापलं, झोडलं, उन्हाळ्यात करवंदं पळसाच्या पानात बांधून धसईच्या बाजारात विकली आणि मला मुरबाडच्या कॉलेजात घातलं. मी पास झाल्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. आता खाऊन घे." बी.एड. झाल्याचं सांगितलं तेव्हाही तेच. मी काही हारतुरे मागत नव्हते. पण माणूस एवढं चढून वर येतं तेव्हा खाली कुणीतरी मान वर करून बघावं असं त्याला वाटतं.

मी बी.एड. होऊन आले त्या वर्षी गावच्या हायस्कुलात एकच जागा निघाली, आणि तीही विज्ञानाची. मला किन्हवलीच्या बाजूच्या शाळेत नोकरी लागली. सकाळी दोन एस.टी. बदलून जायचं, संध्याकाळी दोन बदलून यायचं. आणि माझ्या गावच्या पोरांना शिकवायला नाशिककडून कुठूनशा, चाळिशी उलटलेल्या ह्या बाई आल्या. त्यांना खोली हवी होती. गावात रिकामी पडवी तेवढी आमची होती. म्हणजे माझी जागाही त्यांना आणि माझं घरही त्यांना.

दिसायला उंच, हाडकुळ्या. गोल पातळ, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. हातांवर कोपरापर्यंत ओरखडे. नव्या माणसाला वाटायचं, बाईंनी मांजर पाळलंय. स्वयंपाक त्या करत नसत. येताना स्टोव्ह आणला होता, पण त्यावर त्या बिया उकळायच्या. पहिल्याच आठवड्यात आयनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि विचारलं, "बाई, जेवलीस का गो?" मी आयला बाजूला घेऊन म्हटलं, शिक्षकांना अहोजाहो करतात. आय म्हणाली, "तुला कुठं करते?"

पण मी तिची मुलगी होते. त्या कोण होत्या?

आमची भाताची खाचरं गावाच्या खालच्या अंगाला होती, आणि वर रस्त्याला लागून एक वरकस तुकडा होता, नाचणी-वरीचा माळ. त्या माळाच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात ती करवंदीची जाळी होती. झुडूप म्हटलं की लोकांना कमरेएवढं काहीतरी वाटतं. ही घराएवढी होती. थंडी सरताना पांढरी फुलं यायची, तेव्हा एस.टी.तली माणसं खिडकीतून तोंड बाहेर काढत. मे महिन्यात फळं काळी पडायची. आय पहाटेच जाऊन काठाकाठानं तोडायची. आतली तोडायची नाही. मी लहानपणी विचारलं होतं का, तर म्हणाली होती, "आतली पाखरांची. आन् हात किती फाडून घ्यायचा?" दोन्ही कारणं तिला सारखीच खरी वाटत.

हे दुसरं कारण वगळून पहिलंच आयनं बाईंना सांगितलं असावं, कारण बाई तिच्यावर एकदम खूश झाल्या. मला म्हणाल्या, "तुझ्या आईला माहितेय, पण माहितेय हे माहीत नाही." मी म्हटलं, "तिला बाजाराला उशीर होतो म्हणून ती आत शिरत नाही." बाई म्हणाल्या, "तू मराठीवाली. तुला प्रत्येक गोष्टीचा एकच अर्थ लावायची सवय." खरं म्हणजे ही सवय विज्ञानवाल्यांना असते.

बाईंनी स्वतः करवंद झाडावरून तोडून कधी खाल्लं नाही. "ते माझ्यासाठी पिकलेलं नाही," म्हणायच्या. पहिले दोन-चार पाऊस होऊन गेले, उरलेल्या फळांत पाणी भरलं, अळ्या पडल्या, की मग वाकून खाली पडलेली उचलायच्या आणि फुंकर मारून खायच्या. "सगळ्यांचं झालं. आता माझं." आम्ही तोंड वाकडं करायचो. त्या म्हणायच्या, "अळी म्हणजे करवंदच की. नुसतं चालायला लागलेलं."

त्यांची अशी ठरलेली वाक्यं होती. "बुलबुल फुकट खात नाही, बी पोचवतो. फुकट खाणारा एकच, दोन पायांचा आणि दप्तर असलेला." हे वर्गात. कच्ची करवंदं ओरबाडताना पोरगा सापडला तर त्या मारत नसत. मधल्या सुट्टीभर त्याला जाळीपुढे उभा करायच्या, कोण आलं कोण गेलं ते सांग म्हणायच्या. एका पोरानं येऊन सांगितलं होतं, "दोन बुलबुल, एक मुंगूस, एक सरडा, आन् तुमच्या घरवाली आज्जी, ती आमाला शिव्या देऊन गेली." बाईंनी त्याला शाबासकी दिली आणि म्हणाल्या, "आज्जी हिशेबात धर. ती पण जाळीतलीच."

आयला हे सांगितल्यावर ती तोंडाला पदर लावून हसली. मी तिला इतकं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

करवंद खाताना आमच्याकडे पोरं एक खेळ खेळतात. दाताखाली धरण्याआधी सांगायचं, कोंबडा का कोंबडी. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. एका रविवारी मी कपडे धुऊन आले तर आय आणि बाई पडवीच्या पायरीवर बसलेल्या. आय करवंद उचलून धरतेय, बाई म्हणतायत, "कोंबडा," आय दाबते, पांढरं निघतं, "हारलीस गो बाई, कोंबडी," आणि फळ आपल्या तोंडात टाकते. बाई खात नव्हत्याच, त्यामुळे जिंकलं काय हरलं काय, सगळी करवंदं आयची. आणि आय त्या लबाडीवर पोरीसारखी खूश. हा खेळ मी शाळेत पोरींबरोबर खेळले, रस्त्यावर खेळले. आयबरोबर कधी खेळले नव्हते. माझ्या लहानपणी तिला वेळ नव्हता. आता तिला वेळ होता, पण तो बाईंच्या वेळापत्रकात बसला होता.

आणखी एक सांगते, म्हणजे मी उगाच म्हणत नाही हे कळेल. एका मे महिन्यात मी पेपर तपासायला अडकले होते, तेव्हा बाई आयला घेऊन शहापूरच्या बाजारात करवंदं विकायला गेल्या. मला कुणी सांगितलंही नाही. तिथं बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत होत्या, "बी चावू नका. आणि थुंकायची तर डांबरावर नको, मातीत थुंका." एक बाई घाबरून पान परत देऊन गेली म्हणे. तिला वाटलं, बीत काहीतरी विष आहे. आयनं मला हे रात्री जेवताना सांगितलं आणि परत हसली. दोन दिवसांनी माझ्याच शाळेतल्या एक बाई मला म्हणाल्या, "तुमच्या आई दिसल्या हो शहापूरला. बरोबर तुमच्या थोरल्या बहीण होत्या का?"

मी म्हटलं, "नाही. भाडेकरू."

हा शब्द मी जरा जोरात उच्चारला असावा, कारण स्टाफरूममधल्या सगळ्यांनी वर बघितलं.

तर घराची गोष्ट. आमचं घर कुडाचं होतं. भिंतींना दरवर्षी शेणमातीचं लिंपण, पावसात पडवीचा कोपरा ओला, सापाचं भय. नोकरीला पाच-सहा वर्षं झाल्यावर मी ठरवलं की आयला विटांचं घर बांधून द्यायचं. लग्न मी केलेलं नाही. तो वेगळा विषय. घर हाच माझा संसार. आणि ते बांधायचं तर रस्त्याला लागून, माळावर, जिथं एस.टी.तून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल की हे अमुकच्या पोरीनं बांधलं. मला हे सांगायची लाज वाटत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या शिकलेली माणसं आहेत त्यांनी घर आडोशाला बांधावं.

माळाचा वरचा भाग खडकाळ, उताराचा. सपाट जागा एकच, आणि तिच्यावर जाळी.

मी आयला सांगितलं. आय तांदूळ निवडत होती. सुपातला खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाली, "बाईला इचार."

"जमीन कुणाची गो आय?"

"तुजी न् माजी."

"मग बाई कोण?"

"ती वळखते ना त्यांना एकेकाला. आपुन नुसती जाळी जाळी म्हणतो."

"कुणाला ओळखते?"

"तिलाच इचार," आय म्हणाली आणि सूप घेऊन उठली.

माझ्या पगारात, माझ्या जमिनीवर, माझ्या आईसाठी घर, आणि परवानगी भाडेकरणीची. मी ताठ पडवीत गेले. बाई दिव्याखाली बिया वाळत घालत होत्या.

"बाई, घर बांधतेय. जाळीच्या जागी."

"कळलं मला. तुझ्या आईनं सांगितलं."

म्हणजे मी परवानगी मागायच्या आधीच ती बातमी पोचली होती.

"तुमचं काय म्हणणं?"

"माझं काय असणार? जागा तुमची."

"मग झालं."

"झालं नाही. बस."

मी बसले नाही. उभ्यानंच ऐकलं. बाई म्हणाल्या, "भात निघालं की तुम्ही लोक गुरं मोकळी सोडता. दिवाळीनंतर बघ ह्या माळावर, बोटभर हिरवं रोप दिसलं तर मला सांग. शेळी ठेवत नाही. पण काट्यात तोंड कोण घालणार? पाखरू करवंद खायला येतं आणि आधी दुसरीकडे खाल्लेलं जांभूळ इथं टाकून जातं. ऐनाचं बी वाऱ्यावर उडतं, ते इथं अडकतं. आत सावली, पाचोळा, ओल. रोप आतल्या आत वाढतं, आणि कधीतरी डोकं वर काढतं. तोवर शेळीच्या तोंडाच्या वर गेलेलं असतं. ह्या रस्त्याला जेवढी आपोआप आलेली झाडं आहेत ना, त्यांच्या बुंध्याशी जाऊन बघ. वाळक्या करवंदीची खोडं सापडतील."

"वाळक्या का?"

"झाड मोठं झालं की त्याची सावली पडते. करवंदीला ऊन लागतं. मग ती मरते."

"म्हणजे शेवटी ती मरणारच आहे."

"मरणार. काम झाल्यावर."

मी म्हटलं, "आता तुम्ही म्हणणार, ती आईसारखी असते."

बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "हे तुझ्या धड्यात असतं. मला ती शाळेच्या शिपाईणीसारखी वाटते. पोरांना आत घेते, बाहेरचं कुत्रं आत सोडत नाही, आणि पोरं मोठी झाली की तिला ओळख देत नाहीत."

मी म्हटलं, "रविवारी माणसं येतायत तोडायला."

"सकाळी लवकर बोलाव," बाई म्हणाल्या. "उन्हात काट्यांचं काम वाईट."

रविवारी वाडीवरचे तिघे आले, कोयते आणि कुऱ्हाड घेऊन. त्यांतला म्हातारा वडिलांच्या ओळखीचा होता. मी पुढे होऊन त्याला जागा दाखवत होते तेवढ्यात बाई बूट घालून आल्या. मागून आय. तिच्या हातात गुरं हाकायची काठी होती.

म्हातारा म्हणाला, "बाय, कुठनं लावू हात?"

बाई मध्येच म्हणाल्या, "जरा थांबा. हजेरी व्हायचीय."

तिघे एकमेकांकडे बघून हसले. मला वाटलं, बाई आता भाषण करणार, आडव्या पडणार, पेपरात येतं तसलं काहीतरी. मी त्याला तयार होते. उत्तरं पाठ होती.

बाई जाळीपुढे उभ्या राहिल्या, वर्गात राहतात तशा, हात मागं बांधून. आय जाळीच्या पलीकडच्या कडेला जाऊन काठीनं फांदी उचलून आत वाकली.

"जांभूळ," बाई म्हणाल्या.

"हजर," आय म्हणाली.

"असाणा."

"हजर."

"ऐन, थोरला."

"हजर."

"ऐन, धाकटा."

"हजर बाई."

"मोह."

आयनं जरा जास्त वाकून बघितलं. "पान गळलंय. पन हजर."

"आवळा."

आयनं काठी खाली टेकली. मग म्हणाली, "गैरहजर. सशानं साल खाल्ली बुंध्याची."

"कधी?"

"परवा बघितलं. तुला वाईट वाटंल म्हनून नाय बोलले."

"आंबा, एस.टी.चा." हा म्हणजे कुणीतरी एस.टी.च्या खिडकीतून बाठा फेकलेला, तो जाळीत रुजला होता.

"हजर. वीतभर वाढलाय."

तिघांपैकी तरण्यानं म्हटलं, "आमची पन लावा हजेरी बाई." म्हाताऱ्यानं त्याला कोपर मारलं.

मी आयकडे बघत होते. तिच्या लहानपणी गावात चौथीपर्यंत शाळा होती, पण ती गुरांमागं होती. पाटी तिनं हातात धरली ती माझी पुसायला. आणि ती आता काठी टेकून, पाठ सरळ करून, मान वर करून "हजर" म्हणत होती, पहिलीतली पोरं पहिल्या आठवड्यात म्हणतात तसं, आपलं नाव चुकू नये म्हणून जरा घाईनं. त्यांचं हे बरेच दिवस चाललेलं असणार. शाळा सुटल्यावर, मी कुठल्यातरी एस.टी.त उभी असताना. मी वर्षाचे सगळे दिवस हजेरी घेते. तो शब्द मी इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलाय की मला तो ऐकूही येत नाही. माझ्या आईच्या तोंडून मी तो पहिल्यांदा ऐकला, आणि तो तिच्या तोंडी दुसऱ्याच बाईनं घातला होता.

मला जाळीचं काही वाटेनासं झालं. मला वाटलं, ही सगळी तोडावी, मुळापासून, आणि वर फरशी घालावी.

मी म्हटलं, "आय, तू सांग. घर का जाळी?"

आय भडकली. "मला का भांडवतंस गो सकाळी सकाळी? घर तर होनारच हाय. तू बांधतंस तर होनार नाय व्हय?" तिनं म्हाताऱ्याच्या हातातला कोयता घेतला. रस्त्याच्या बाजूनं पहिला घाव तिनंच घातला. पांढरा चीक तिच्या मनगटावर आला. मग जाळीच्या मधोमध कोयत्याच्या टोकानं मातीत एक रेघ ओढत गेली, अंदाजानं, जिथं ऐन होता तिथं वळून, जिथं मोह होता तिथं आणखी वळून. "हिकडनं हितपर्यंत घर. तिकडं त्यांचं. आन् आता कुनी मला काय इचारू नका."

असं आमचं घर झालं. त्याची मागची भिंत तिरकी आहे. मिस्त्री मला म्हणाला होता, "बाई, काटकोन बसत नाय, लोक मला हसतील." आजही घरी कुणी पहिल्यांदा आलं की मागच्या खोलीत कपाट असं वाकडं का लावलंय म्हणून विचारतं. रस्त्यावरून मात्र घर सरळ दिसतं. मी अर्धं जिंकले होते. अर्धं जिंकण्यापेक्षा सपशेल हरलेलं बरं. निदान रागवता तरी येतं.

बाईंनी आभार मानले नाहीत, तोंडही फुगवलं नाही. तोडलेल्या फांद्या दिवसभर ओढून त्यांनी जाळीच्या उघड्या पडलेल्या बाजूला काट्यांची वई घातली, कारण आतली रोपं आता शेळ्यांना दिसत होती. आय त्यांच्याबरोबर ओढत होती. संध्याकाळी दोघी पायरीवर बसून सुईनं एकमेकींच्या हातातले काटे काढत होत्या. मी नवीन घराच्या आखणीत चुना टाकत होते. माझ्याही तळव्यात एक काटा होता. तो मीच काढला.

विटांच्या घरात बाई राहायला आल्या नाहीत. जुन्या पडवीतच राहिल्या. आय दिवसा तिकडे आणि रात्री माझ्याकडे, अशी वाटणी झाली. पुढं वईचे काटे कुजले तोवर करवंदीनं नवे धुमारे टाकून ती बाजू भरून काढली. थोरला ऐन जाळीच्या वर दिसायला लागला. मी तो एस.टी.तून बघायचे आणि मान फिरवायचे.

बाई रिटायर झाल्या त्या वर्षी निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. पोरांना म्हणाल्या, "मी जाते. जाळी इथंच आहे." दुसऱ्या दिवशी मी रजा काढली आणि त्यांची ट्रंक घेऊन धसईच्या स्टँडपर्यंत गेले. आय आली नाही. गुडघा दुखतोय म्हणाली. आदल्या दिवशी तिचा गुडघा चांगला होता.

मुरबाडची गाडी यायला वेळ होता. आम्ही ट्रंकेवर बसलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एकमेकींशेजारी अशा कधी बसलो नव्हतो. बाई म्हणाल्या, "तुला एक सांगू? तुझा मला फार राग यायचा."

मी म्हटलं, "माझा?"

"रोज संध्याकाळी तुझी आई माझ्याशी काहीतरी बोलत असायची. घाटाखालचं, तिच्या माहेरचं, तुझ्या वडिलांचं. रंगात आलेली असायची. आणि खालच्या चढावर गाडीनं गिअर बदलला की ती वाक्य अर्ध्यात टाकून उठायची. मला काही ऐकू यायच्या आधी तिला ऐकू यायचं. 'आली माजी,' म्हणायची, आणि भात ठेवायला जायची. एकदाही 'थांब, एवढं सांगते' म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारायची, काल काय सांगत होतीस? म्हणायची, 'काय की. इसरले.'" बाईंनी चष्मा पुसला. "मला कुणी 'आली माझी' म्हटलेलं नाही. वसतिगृहात वाढलेय मी. म्हणून राग यायचा. बाकी काही नाही."

गाडी आली. मी ट्रंक वर चढवली. बाई खिडकीत बसल्या आणि म्हणाल्या, "आंब्याला दोन वर्षांत मोहोर येईल. आंबट निघेल. कुणाला दोष देऊ नकोस."

परत येताना मला बरं वाटायला हवं होतं. एवढी वर्षं जिचा हेवा केला ती माझा करत होती. पण मी चालत घरापर्यंत आले तोवर माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. माहेरचं. वडिलांचं. आय रंगात येऊन सांगायची. मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी घरी पाऊल टाकायचे तेव्हा भात शिजत असायचा, आणि आय चुलीपाशी गप्प असायची. मला वाटायचं, ती गप्पच असते.

मी पायी आले होते, त्यामुळे चढावर गाडी वाजली नव्हती. आय जुन्या घराच्या पायरीवर एकटीच बसली होती, जाळीकडे तोंड करून. मी जाऊन शेजारी बसले. बाई बसायच्या त्याच बाजूला.

"गेली?"

"गेली."

"खाल्लं काय तिनं?"

"स्टँडवर वडापाव घेऊन दिला."

आयनं मान हलवली. ऊन कलत होतं. जाळीत पाखरांची कलकल चालली होती. मी म्हटलं, "आय, बाईला तू काय काय सांगायचीस गो?"

"कायतरी. बायकांचं."

"मला सांग."

"तुला काय सांगू? तू शिकलेली."

"त्या नव्हत्या शिकलेल्या?"

आय जरा हसली. मग जाळीकडे बघून पदर खांद्यावर ओढला. तिचा आवाज वेगळा झाला, सैल झाला, मी तो कधी ऐकला नव्हता. "तुजा बा होता तवा," ती म्हणाली, "आन् तू पोटात होतीस, तवा एकदा ह्याच जाळीत..."

ती थांबली. माझ्याकडे वळून बघितलं, जशी मी आत्ताच आले आहे.

"अगो, तू सकाळपासनं उपाशी असशील," आय म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

भात चांगला झाला होता. मी दोनदा घेतला. नंतर मी पुष्कळदा विचारलं, वेगवेगळ्या तऱ्हेनं. आय म्हणते, आठवत नाही.

बाई नाशिककडे भाचीजवळ असतात. पत्ता माझ्याकडे आहे. त्या वाक्याचं पुढचं बहुतेक त्यांना माहीत असणार. इतक्या वर्षांत कधीतरी गाडी उशिरा आली असेलच. मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.